मोबाइलची थरथर : एका लहान दुरुस्तीचा अभ्यास

कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्राच्या दुरुस्तीवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु जी वस्तू आपण दिवसभर खिशात बाळगतो, तिच्या अंतरंगाविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते, ही गोष्ट कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला शोभणारी नाही. प्रस्तुत लेखात मोबाइलमधील एकाच भागाचा, म्हणजे कंपन निर्माण करणाऱ्या मोटारीचा, विचार केला आहे. ती कशी चालते, बिघाड कसा ओळखावा आणि घरी ती कशी बदलावी, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तासाला बसताना किंवा कीर्तनाला जाताना आवाज बंद करून थरथर चालू ठेवायची, एवढाच आपला या मोटारीशी संबंध. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही थरथर म्हणजेच घंटी. मेहकर तालुक्यातील एका खेड्यात माझी आत्या एकटी राहते. तिला फार कमी ऐकू येते. मुलगा पुण्याला. त्याचा फोन आला की कनवटीला खोचलेला मोबाइल थरथरतो, ती पडद्यावर त्याचा चेहरा पाहते आणि हातवारे करीत बोलते. गेल्या पावसाळ्यात ही थरथर थांबली. मुलाचे फोन येत राहिले, आत्याला कळेना. शेवटी त्याने शेजाऱ्यांना फोन करून तिची खुशाली विचारली. मी भेटायला गेलो तेव्हा तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "पाय रे बापू, हा मुका झाला." तालुक्याच्या दुकानात तिला नवा मोबाइल घेण्याचा सल्ला मिळाला होता. सोयाबीन घरात येण्यापूर्वी एवढा खर्च तिला झेपणारा नव्हता.

आता तत्त्व पाहू. आपल्या भागात सोयाबीनचे मळणीयंत्र सर्वांनी पाहिलेले असते. त्याच्या फिरत्या चाकाला एका बाजूने चिखलाचा गोळा चिकटला, तर अख्खे यंत्र हादरू लागते. वजन आसाभोवती सारखे वाटलेले नसले की फिरताना दर फेऱ्याला एक हिसका बसतो. मळणीयंत्रात हा दोष समजतात. मोबाइलमध्ये तोच दोष मुद्दाम निर्माण केलेला असतो. बटणाएवढ्या, साधारण ८ ते १० मिलिमीटर व्यासाच्या आणि सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या डबीत एक चिमुकली मोटार असते आणि तिच्या एका बाजूला वजन बसवलेले असते. सुमारे ३ व्होल्टचा दाब मिळाला की ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला दीडशे ते दोनशे हिसके बसतात.

हा वेग सोयीचाही ठरतो. आपल्या त्वचेखाली कंपन ओळखणारी सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात. फिलिप्पो पाचिनी या एकोणिसाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जातात. सेकंदाला २०० ते ३०० कंपने त्यांना सर्वांत चांगली जाणवतात. मोटारीचा वेग या पट्ट्याच्या जवळ असल्यामुळे एवढीशी डबी जाड लुगड्यातूनही जाणवते.

अनेक नव्या मोबाइलमध्ये दुसरा प्रकार आढळतो. त्यात वजन फिरत नाही. स्प्रिंगवर बसवलेले वजन उलटसुलट दिशेच्या प्रवाहाने मागेपुढे हलते. दोन्ही प्रकारांना लागणारा प्रवाह वेगळा असल्याने एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही. म्हणून सुटा भाग घेताना मोबाइलच्या मॉडेलचा क्रमांक जुळलाच पाहिजे.

मोबाइल उघडण्यापूर्वी निदान करावे. पुष्कळदा मोटार धडधाकट असते आणि थरथर सेटिंगमध्येच बंद झालेली असते. बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेतही काही मोबाइल ती थांबवतात. ते तपासावे, मोबाइल एकदा बंद करून चालू करावा. सॅमसंगच्या बऱ्याच मोबाइलमध्ये *#०*# असे लावले की तपासणीचा पडदा उघडतो आणि त्यात कंपनाची चाचणी घेता येते. थरथर क्षीण असेल किंवा खरखर ऐकू येत असेल तर मोटार झिजली असावी किंवा तिचे वजन सैल झाले असावे. मुळीच हालचाल नसेल, तर संपर्काच्या पट्ट्या गंजल्या आहेत, तार तुटली आहे, मोटार निकामी झाली आहे किंवा मुख्य पट्टीवरचा भाग बिघडला आहे, अशा शक्यता उरतात. यांतील शेवटचा बिघाड घरी दुरुस्त होण्यासारखा नाही.

साहित्य थोडेच लागते : बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच, चिमटा, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा, शेकण्याची गरम पाण्याची पिशवी आणि स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. बॅटरीचा भार पाव किंवा त्याहून कमी होऊ द्यावा, कारण भरलेली लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेण्याचा धोका अधिक असतो. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवून जाणकाराकडे जावे.

मोबाइल पूर्ण बंद करून सिमकार्डाचा कप्पा काढावा. पाठीमागचे झाकण डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असेल तर पिशवीने कडा शेकून घ्याव्यात. चुलीजवळ किंवा विस्तवावर मोबाइल धरू नये. कडा मऊ झाल्या की कार्डाचा तुकडा हळूहळू फिरवावा. झाकणाला बोटांच्या ठशाची तार जोडलेली असू शकते, म्हणून ते झटक्याने ओढू नये. आतील स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड छिद्रात गेला तर खालची पट्टी फुटते. मी एका कागदावर मोबाइलचा नकाशा काढला आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावून ठेवला. यानंतर पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचे. तेही धातूच्या नव्हे, प्लास्टिकच्या टोकाने.

मोटार बहुधा खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. काहींना दोन बारीक तारा असतात व त्यांना सोल्डरने डाख दिलेला असतो. काहींचे संपर्क नुसते स्प्रिंगने टेकलेले असतात. आत्याच्या मोबाइलमध्ये दुसरा प्रकार होता. कनवटीच्या घामाने संपर्क हिरवट पडले होते. ते अल्कोहोलने पुसले, तरी थरथर येईना. तेव्हा मोटार चिमट्याने कडेकडून उचलून बाहेर काढली आणि दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडून क्षणभर ३ व्होल्ट दिले. ती हलली नाही. फिरत्या वजनाच्या मोटारीसाठी ही चाचणी पुरेशी आहे; मागेपुढे हलणाऱ्या प्रकाराला मात्र ती लागू नाही, कारण एकाच दिशेच्या प्रवाहावर तो फार तर एकदा टिक करून थांबतो.

नवी मोटार अकोल्याहून मागवली. तिच्या पाठीवरची चिकटपट्टी दाबून ती घट्ट बसवली. सैल बसलेल्या मोटारीचे कंपन सांगाड्यात उतरत नाही. बॅटरी जोडून, झाकण चिकटवण्यापूर्वीच चाचणी घेतली. मोबाइल टेबलावर चक्क सरकला. आत्याच्या हातात दिला तेव्हा ती म्हणाली, "आता जित्ता झाला." मात्र एकदा उघडलेल्या मोबाइलचे पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीइतके उरत नाही, हे तिला समजावून सांगितले.

सबंध वस्तू निकामी ठरवणे सोपे असते. तिच्यातला नेमका कोणता भाग निकामी आहे हे शोधायला चिकाटी लागते. आपल्याकडे वखराची पास झिजली म्हणून कोणी वखर टाकून देत नसे. लोहाराकडून ती शेवटून घेत. मोबाइलला हा न्याय लागू होऊ नये, असे कोणतेही कारण नाही. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यामागे दुरुस्तीची माहिती ग्राहकाला एका ठिकाणी मिळावी हाच हेतू आहे. ई-कचऱ्याचे नवे नियमही १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुनी मोटार त्यामुळे उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

जाता जाता एक सूचना. आपल्या महाविद्यालयात एखाद्या शनिवारी दुरुस्तीचे एक टेबल मांडता येईल. हत्यारांचा एक संच, एक भिंग आणि दोन-चार जाणते विद्यार्थी एवढ्यावर ते चालू शकेल. ज्यांच्या घरी कानाने अधू अशी वडीलधारी माणसे आहेत, त्यांचे मोबाइल तेथे सर्वांत आधी घ्यावेत.