कर्जदाराला समजणारी भाषा

तंजावूर राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीची मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. तंजावूरच्या काही कुटुंबांत मराठी आजही बोलली जाते. शिक्षण मात्र बहुधा तमिळमधून झालेले असते. बोलण्याची भाषा एक, वाचण्याची दुसरी.

कर्जव्यवहारात हा भेद महत्त्वाचा ठरतो. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाद्वारे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरणपत्र बंधनकारक केले. नमुने, संगणकप्रणाली व कर्मचारी-प्रशिक्षण यांच्या तयारीसाठी बँका व वित्तीय कंपन्यांना सुमारे साडेपाच महिने मिळाले.

विवरणपत्रात शुल्कांसह येणारा वार्षिक खर्चाचा दर व परतफेडीचा तपशील असतो. त्यात न दर्शविलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही. विवरणपत्र कर्जदारास समजणाऱ्या भाषेत द्यावयाचे, मजकूर समजावून सांगावयाचा आणि तशी पोच घ्यावयाची, असा नियम आहे.

नमुने अनेक भाषांत छापले, तरी योग्य नमुना निवडणे अधिकाऱ्याच्याच हाती असते. म्हणून आडनावावरून वा बोलीवरून भाषा ठरवू नये. ‘आपण कोणत्या भाषेत वाचता?’ असे विचारावे. ग्राहकानेही मजकूर समजल्याखेरीज पोच देऊ नये.