एरोस्पेसमध्ये एम.टेक. करताना

१. ‘मला विमानं आवडतात’ एवढ्या भांडवलावर दोन वर्षं निघत नाहीत. एरोडायनॅमिक्स, प्रोपल्शन, स्ट्रक्चर्स आणि डायनॅमिक्स-कंट्रोल या चार वाटा फार लवकर फुटतात. गेटचा स्कोअर हातात आला की कॉलेजचं नाव पाहण्याआधी स्वतःला विचारा, रोज सकाळी उठून काय करायला आवडेल? ज्वलन, कंपोझिटच्या पट्ट्या, की दिवसभर स्क्रीनवरची समीकरणं? मेकॅनिकलमधून येणाऱ्यांनी तर हे आधीच ठरवावं.

२. विंड टनेलने मला सगळ्यात जास्त शिकवलं. एनएसीए ००१२ हा वरून-खालून सारखा असलेला एअरफॉइल. शून्य अंशाला त्याने लिफ्ट द्यायलाच नको. आमच्या बॅलन्सवर मात्र थोडी लिफ्ट दिसायची. सर म्हणाले, “मॉडेल उलटं बसव आणि पुन्हा रीडिंग घे.” उलटं बसवलं तरी बल वरच्याच दिशेला. म्हणजे मॉडेलची घडण ठीक होती, टनेलमधली हवाच किंचित तिरकी येत होती. अशा एअरफॉइलला एका अंशामागे लिफ्ट कोइफिशंट साधारण ०.११ ने बदलतो, त्यामुळे अर्ध्या अंशाचा तिरकेपणाही आलेखात लपत नाही. त्या दुपारनंतर कुठलाही आकडा पाहिला की तो आला कुठून, हे आधी विचारायची सवय लागली. माझ्या मते या शिक्षणाचा गाभा तोच आहे.

३. सीएफडीतही हेच. रेसिड्युअल खाली गेले म्हणजे सॉल्व्हरने समीकरणं सोडवली, एवढंच. मेश बारीक केल्यावर ड्रॅग हलला, तर आधीचं उत्तर मेशचं होतं, पंखाचं नव्हे. रंगीत चित्रं काढण्याआधी एखादी जुनी, मोजलेली केस जुळवून पाहा. ॲबट, फॉन डोएनहॉफ आणि स्टायव्हर्स यांचा एअरफॉइलवरचा १९४५ चा एनएसीए अहवाल, क्रमांक ८२४, आजही इंटरनेटवर फुकट मिळतो.

४. गाइड निवडताना सीनियरना विचारा. सर किती मोठे आहेत हे विचारू नका. ड्राफ्ट किती दिवसांत वाचून परत देतात, हे विचारा.

५. सतीश धवन आपल्याला इस्रोचे अध्यक्ष म्हणून माहीत असतात. त्याआधी कॅलटेकमध्ये हान्स लीपमान यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली, १९५१ मध्ये. विषय होता, पृष्ठभागावरचं हवेचं घर्षण थेट मोजणं. भिंतीचा एक छोटा तुकडा सुटा ठेवायचा आणि वाहती हवा त्याला किती ओढते ते टिपायचं. मग ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. ज्यांना मोठ्या रॉकेटांची घाई आहे, त्यांनी धवन यांचं हे घर्षण मोजण्याचं काम जरूर वाचावं. इतकं सूक्ष्म बल पकडायला किती काळजी घ्यावी लागते, ते पानोपानी दिसतं.

६. पुढे अमेरिकेला जायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. तिथल्या निर्यात-नियंत्रण कायद्यांमुळे रॉकेट आणि संरक्षण क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात. विद्यापीठात प्रवेश मिळतो, पण काही प्रकल्पांची दारं बंद असतात. कर्ज काढण्याआधी घरी हे मोकळेपणाने बोला, आणि ज्या प्राध्यापकांकडे जाताय त्यांना पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, की परदेशी विद्यार्थ्याला कोणत्या प्रकल्पावर काम करता येईल.