पाणबुड्याचे पहिले फिन

मनुष्याचे पाऊल जमिनीवर चालण्यासाठी घडलेले आहे. ते लहान असून पायाशी काटकोन करून राहते. पाण्यात पाय मारला असता पुष्कळसे पाणी पावलाच्या कडांवरून निसटून जाते आणि केलेल्या श्रमाच्या मानाने शरीर फारच थोडे पुढे सरकते. माशाची गोष्ट निराळी आहे. त्याचे रुंद व लवचिक शेपूट पाण्याचा मोठा साठा मागे ढकलते व त्याच्या प्रतिक्रियेने मासा पुढे जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी पाणबुड्या आपल्या पायांत रबराचे किंवा प्लॅस्टिकचे पर बांधतो. त्यांस ‘फिन’ असे म्हणतात.

दाबाखाली भरलेल्या हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली स्वतंत्रपणे संचार करण्याच्या पद्धतीस ‘स्कूबा’ म्हणतात. फ्रान्समध्ये १९४३ साली कूस्तो व गान्यां यांनी श्वसनासाठी सोयीचे उपकरण सिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आज अंदमानातील स्वराज द्वीप, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी बेट आणि महाराष्ट्रातील तारकर्ली अशा ठिकाणी ही विद्या शिकता येते. शिकणाऱ्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो : आपले पहिले फिन कोणते घ्यावेत?

एक जुना प्रयोग

अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याने बालपणी लाकडाच्या दोन लंबवर्तुळाकार फळ्या करून त्या हातांत धरल्या होत्या. त्यामुळे वेग वाढला, परंतु मनगटे थकली. तळव्यांनाही त्याने सपातांसारख्या फळ्या बांधून पाहिल्या, पण समाधान झाले नाही. कारण पोहणाऱ्याचा रेटा केवळ तळव्यातून येत नसून घोटा व पावलाची आतील बाजू यांतूनही येतो, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे १९३३ साली फ्रान्सच्या नौदलातील द कोर्लियू या अधिकाऱ्याने रबरी फिनचे पेटंट घेतले आणि १९४० साली अमेरिकेत चर्चिल नावाच्या गृहस्थाने त्यांचे उत्पादन आरंभिले. फ्रँकलिनच्या अनुभवातील बोध मात्र अजून शिळा झालेला नाही. साधन कितीही चांगले असो, ते शरीराच्या रचनेशी जुळले पाहिजे.

फिनचे कार्य

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. एका मोठ्या टबात पाणी भरून त्यात एक ताटली उभी धरावी आणि प्रथम सावकाश, नंतर दुप्पट वेगाने पुढे सरकवावी. दुसऱ्या वेळी हाताला होणारा विरोध दुपटीहून बराच अधिक भासेल. वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो, असा हा नियम आहे. पाण्याखाली घाई का महाग पडते, हे यावरून कळेल.

फिनचा खरा लाभ समजण्यासाठी एक छोटेसे गणित करू. ठराविक पाणी ठराविक वेगाने मागे ढकलले असता पोहणाऱ्यास काही एक संवेग मिळतो. त्याच्या चौपट पाणी एक-चतुर्थांश वेगाने ढकलले, तरी संवेग तेवढाच मिळतो. परंतु पाण्यास द्यावी लागणारी ऊर्जा मात्र केवळ चौथा हिस्सा असते. फिनचे रुंद पाते हेच साधते. ते पुष्कळ पाणी सावकाश ढकलते.

मग पाते जितके मोठे व ताठ तितके उत्तम, असे कोणी म्हणेल. तसे नाही. पाते हलवणारा स्नायू आपलाच असतो. त्याच्या शक्तीबाहेर पाते ताठ असेल तर पाय थकतो, पोटरीत पेटके येतात आणि श्वास जलद होतो. समुद्रात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट व २० मीटरवर तिप्पट असतो. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या श्वासासाठी टाकीतील हवाही दुप्पट-तिप्पट खर्च होते. दमलेला पाणबुड्या हवा लवकर संपवितो. शिवाय त्याच्या शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड साचून धाप व घबराट उत्पन्न होते. जमिनीवर धाप लागली तर मनुष्य खाली बसतो. पाण्याखाली ती सोय नाही. म्हणून फिनची निवड ही हौसेची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

दोन जाती

पहिल्या जातीच्या फिनला टाचेसह पूर्ण बुटासारखा भाग असतो आणि तो अनवाणी किंवा पातळ मोजा घालून चढवितात. हे फिन हलके असतात. उबदार पाण्यात होडीवरून उतरावयाचे असेल तर ते सोयीचे ठरतात. दुसऱ्या जातीत टाच उघडी असून मागे पट्टा असतो व आत निओप्रीनचे बूट घालावे लागतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणाऱ्यास, तसेच थंड पाण्यात उतरणाऱ्यास ही जात योग्य होय. खोलीवर दाबामुळे निओप्रीन आकसते आणि साधा पट्टा सैल पडू शकतो. स्प्रिंगचा पट्टा ही ढिलाई आपोआप भरून काढतो.

पात्यांतही भेद आहेत. अखंड पाते सर्व प्रकारच्या हालचालींस उपयोगी पडते. मधोमध चिरलेल्या पात्याने पायावरील ताण कमी होतो, पण जागच्या जागी वळणे किंवा मागे सरकणे अशा हालचाली त्याने तितक्या नेमक्या होत नाहीत. श्वास रोखून खोल जाणाऱ्यांचे अतिशय लांब फिन नवशिक्याने टाळावेत. होडीवर ते अडचणीचे होतात व तळाची रेती उधळतात.

निवड कशी करावी

प्रथम माप पाहावे, नंतर पाते आणि शेवटी किंमत व रंग. उन्हाळ्यात व दिवसाच्या अखेरीस पाऊल किंचित फुगते, म्हणून सायंकाळी माप घेणे बरे. दोन्ही पायांत फिन चढवून पाहावेत, कारण पुष्कळांची दोन पावले समान नसतात. उघड्या टाचेचे फिन पाहताना पुढे वापरावयाचे बूटच घालावेत. बोटे दुमडू नयेत, पावलाच्या कमानीवर टोचू नये आणि पाय उचलून झटकला असता टाच निसटू नये. सैल फिन पाय सोलतो. अतिघट्ट फिन रक्ताभिसरण अडवून पेटके आणतो.

त्यानंतर बुटासारखा भाग एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पात्याचे टोक वाकवावे. ते सहज वाकून तत्काळ पूर्ववत झाले पाहिजे. पाते वाकविण्यास फार जोर लागला, तर ते बलवान व अनुभवी पायांसाठी आहे असे समजावे. शक्य असेल तेथे दोन-तीन प्रकार भाड्याने घेऊन तलावात किंवा उथळ समुद्रात वापरून पाहावेत. अर्धा तास पोहून मांडी थकली तर चिंता नाही, कारण रेटा कमरेपासून यावा हेच योग्य. पण घोटा किंवा पोटरी दुखू लागली तर फिन बदलावा.

वापर आणि निगा

फिन घालून पुढे चालू नये. पाते मुडपून मनुष्य पडतो. ते पाण्याच्या कडेशीच चढवावेत व चालणे भागच पडले तर पाठमोरे चालावे. पाण्यात पेटका आल्यास पात्याचे टोक धरून आपल्याकडे ओढावे, म्हणजे पोटरी ताणली जाऊन आराम पडतो. तळापासून अंतर राखावे. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात तसेच लक्षद्वीप-अंदमानात प्रवाळ आहेत. त्यांची वाढ अत्यंत मंद असते आणि फिनच्या एका निष्काळजी फटक्याने अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

वापरानंतर फिन गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. पात्याच्या टोकावर उभे करून ठेवल्यास पाते कायमचे वाकते, म्हणून ते आडवे ठेवावेत.

अर्थात कोणतेही फिन प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु शिक्षकाच्या देखरेखीखाली योग्य फिन घालून पाण्यात उतरणाऱ्यास थोड्याच वेळात आपल्या पायांचा विसर पडतो आणि त्याचे लक्ष सभोवतालच्या जलसृष्टीकडे लागते. फिन नीट निवडले गेल्याची हीच उत्तम खूण होय.