पोरगा सारखा पडतो? टॉनिक नको, तपासणी हवी

उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या वस्त्यांत घरभेटी देताना आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते : "पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे, म्हणून पडतो." मग टॉनिक आणि पावडरींवर मजुरीचे पैसे जातात. पण चार-पाच वर्षांचा मुलगा सारखा पडत असेल, जिना चढताना दमत असेल, उठताना गुडघ्यांवर हात टेकत असेल आणि त्याच्या पोटऱ्या जाड दिसत असतील, तर डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजाराची तपासणी करायलाच हवी.

स्नायूंच्या पेशींचे आवरण सांभाळणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन या मुलांत तयार होत नाही. त्यामुळे रोजच्या चालण्यानेही पेशी फाटतात.

गल्लीत भिंत पडली की आधी राडारोडा उचलतात, मग गवंडी येतो. शरीरातही रोगप्रतिकारक पेशी आधी साफसफाई करतात, मग नवा स्नायू बनतो. इथे मात्र भिंत रोजच पडते. साफसफाई संपत नाही, दाह कायम राहतो आणि स्नायूच्या जागी चरबी व चिवट तंतू भरतात. म्हणजे प्रतिकारशक्ती कमी नसते, ती थांबत नसते. ती वाढवणारी पावडर इथे काय करणार?

म्हणूनच डॉक्टर प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉईड देतात. त्यांनी दाह आवरतो, मुलाचे चालणे जास्त काळ टिकते. आजार मात्र बरा होत नाही. वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, म्हणून नियमित तपासणी हवी. पण घाबरून गोळ्या अचानक बंद करू नका, जिवावर बेतू शकते. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर लगेच रुग्णालय गाठा. लस घेण्याआधी स्टेरॉईड चालू असल्याचे सांगा.

सुरुवात सीपीके या रक्ततपासणीने होते. कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. परळचे केईएम हे २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार दुर्मीळ आजारांचे केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे. प्रमाणपत्र काढून घ्या, तो आपला हक्क आहे.

आणि आईला बोल लावू नका. सुमारे एक तृतीयांश मुलांत जनुकातला हा बदल नव्यानेच घडतो. हे मागच्या जन्मीचे पाप नाही, कुणाची करणी नाही. मात्र पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी आईची, आणि मोठी झाल्यावर बहिणींची, जनुकीय तपासणी जरूर करून घ्या.