पोहे एक, पद्धती दोन

इंदूरचा एखादा मुलगा सुटीत आजोळी पुण्यास जातो आणि पोह्यांवर शेव मागतो. मामेभावंडे हसतात, ‘हे कसले पोहे?’ म्हणतात, आणि तो बिचारा ओशाळतो. त्याने खरोखर ओशाळावे काय? प्रथम दोन्ही पाककृती पाहू.

महाराष्ट्रीय रीतीत मोहरी-हिंगाच्या फोडणीत कांदा परततात, हळद घालून भिजवलेले पोहे वाफवतात आणि वर ओले खोबरे व कोथिंबीर पेरतात. इंदुरी पोह्यांत बडीशेप व साखर पडते, ते वाफेवर ऊन ठेवतात. कांदा मात्र कच्चाच, शेव आणि जिरावन यांसह वरून येतो. जोडीला जिलबी असतेच.

जेवणातही असाच भेद आहे. कोकणात भात पिकतो, म्हणून तेथे वरणभाताला मान. माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू पिकतो, म्हणून येथे बाफल्यांना मान. कणकेचे हे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग भाजून तुपात बुडवतात. तूरडाळ मात्र दोन्हीकडे लागतेच.

अठराव्या शतकात होळकरांबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात आली. १८१८ मध्ये राजधानी महेश्वरहून इंदुरास आली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे एका घरची चव दुसऱ्या घरी गेली.

सातासमुद्रांपलीकडेही हेच घडले. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने मेक्सिकोची राजधानी जिंकली. स्पॅनिश लोकांनी तेथे गहू नेला, आणि तेथील मका व मिरची युरोपात आणली. आज मेक्सिकोत मक्याची भाकरी मुख्य, तर स्पेनमध्ये गव्हाचा पाव. तरीही दोघांच्या स्वयंपाकघरांत एकमेकांचे जिन्नस कायमचे राहिले आहेत.

मिरची पुढे पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. इंदूरला ज्याचा अभिमान वाटतो, त्या भुट्ट्याच्या किसातील मका मूळचा मेक्सिकोचाच. इतकेच नव्हे, तर एकादशीला सोवळ्यात होणाऱ्या साबूदाण्याच्या खिचडीतील मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबूदाणा करतात तो कंद, ही सारी अमेरिका खंडाचीच देणगी होय!

मग ‘खरे’ पोहे कोणाचे? ज्या पोह्यांत हिरवी मिरची पडते, ते कोणत्याही गावचे असोत, त्यांत परक्या देशाचा वाटा आहेच. तेव्हा आजोळी गेल्यावर शेव अवश्य मागावी. आणि आजीने पेरलेले ओले खोबरेही आवडीने खावे.