मिथेन करणारे जीव आणि साखर

उसाची मळी आणि तिच्यावर चालणाऱ्या आसवन्या सोलापूर जिल्ह्यात कोणास नव्या नाहीत. आसवनीचे काळपट, उग्र वासाचे सांडपाणी बंद टाकीत कुजविले की मिथेन वायू मिळतो. गोबरगॅसमध्ये जळतो तोही हाच. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी तर शेणाऐवजी खरकट्यावर, पिठावर व साखरेवर चालणारे घरगुती संयंत्र सिद्ध केले. २००६ साली त्या कार्यास अ‍ॅशडेन पुरस्कार लाभला.

यावरून मिथेन करणारे जीव साखर खातात, असे मी इतिहासाचा माणूस बरीच वर्षे समजत होतो. वर्गातही तसेच सांगत होतो. ते चूक होते.

साखर खाणारे जीवाणू निराळे. ते तिच्यापासून आम्ले, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. मिथेनजनक जगतात ते हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि अ‍ॅसिटिक आम्ल अशा उरल्यासुरल्यावर. ते जीवाणूही नव्हेत. कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली त्यांचा गटच वेगळा मानला. त्यालाच आज आर्किया म्हणतात.

मग त्यांच्या पेशीत साखर फोडणारी विकरे कशासाठी? त्यांतील अनेक जाती सुकाळात पेशीतच ग्लायकोजेन साठवितात आणि दुष्काळात तो मोडून खातात. पुंजी स्वतःचीच. आपल्या पेशी ग्लुकोजला फॉस्फेट जोडताना मुख्यतः एटीपी खर्च करतात. सागरतळाच्या उष्ण झऱ्यांजवळ सापडलेला मिथॅनोकॅल्डोकोकस जॅनाशी हा मिथेनजनक तेथे एडीपी, म्हणजे एकदा खर्चून झालेले नाणे, पुन्हा चालवितो. शिवाय साखर फोडण्याच्या ज्या दोन पायऱ्यांना आपल्याकडे दोन विकरे लागतात, त्या दोन्ही त्याचे एकच विकर उरकते.

माझी चूक किती महाग पडते, हे एका वसतिगृहात पाहिले. समारंभानंतर उरलेला भात आणि बुंदी एकदम गोबरगॅसच्या टाकीत ओतली गेली. वायूने टाकीची टोपी वर चढली. शेगडी मात्र पेटेना. साखर फोडणारे झपाट्याने वाढले आणि आम्ल साचले. मिथेनजनक वाढतात सावकाश. त्यांना आम्ल सोसत नाही. मुलींचा स्वयंपाक कित्येक दिवस लाकडावर झाला. खरकटे बंद करून चुन्याची निवळी व ताजे शेण घालीत राहिल्यावर निळी ज्योत परतली. आता तेथे खरकटे बारीक करून, पाण्यात कालवून, रोज ठरल्या मापानेच टाकतात. बुंदी उरलीच, तर ती दुसऱ्या दिवशी मुलींच्या ताटात जाते.