फोनमधली टपालपेटी कोठे असते?



अकरावीचा प्रवेश असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की एखाद्या स्पर्धेची नावनोंदणी असो, आजकाल नाव आणि घरचा पत्ता यांच्या जोडीला ई-मेलचा पत्ताही मागतात. मग घाईघाईने कोणाच्या तरी फोनवर खाते उघडले जाते. परवलीचा शब्द काय ठेवला हे चार दिवसांत सगळेच विसरतात. पुढे खरोखरच महत्त्वाचे पत्र येते, तेव्हा पेटी काही उघडत नाही!

फोनवर ई-मेलचे खाते जोडणे हे खरे म्हणजे दहा मिनिटांचे काम. पण तेवढ्या वेळात फोन आपल्याला जे प्रश्न विचारतो, त्या प्रत्येकामागे काहीतरी कारण असते. ती कारणे समजून घेतली, तर खाते बिनचूक जोडता येते आणि बिघाड झाला तर तो शोधताही येतो.

आरंभी एक साधा प्रश्न. तुम्हाला आलेली पत्रे कोठे असतात? 'फोनमध्ये,' असे तुम्ही चटकन म्हणाल. पण समजा, रात्रभर फोन बंद होता. सकाळी तो चालू करताच तीन नवी पत्रे दिसली. फोन बंद असताना ही पत्रे कोठे थांबली होती? अर्थात, दुसऱ्या कोठल्यातरी संगणकावर. रात्रंदिवस चालू राहून इतरांचे काम करणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. तुमची टपालपेटी त्या सर्व्हरवर असते. फोन हा फक्त पेटी उघडण्याचे साधन आहे. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पुढचे सारे तिच्यावरून उलगडत जाईल.

पत्ता असा का?

समजा, पत्ता आहे विद्यार्थी@एक्झाम्पल.कॉम. (एक्झाम्पल.कॉम हे नाव केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे. प्रत्यक्षात असे पत्ते बहुधा रोमन लिपीत लिहितात.) चिन्हाच्या डावीकडे पेटीच्या मालकाचे नाव आणि उजवीकडे ती पेटी सांभाळणाऱ्या ठिकाणाचे नाव, अशी ही रचना आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने आर्पानेट या संगणकजाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले. गंमत म्हणजे ते दोन्ही संगणक एकमेकांच्या शेजारीच होते! माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दिसावे म्हणून त्याला एक खूण हवी होती. कोणाच्याही नावात न येणारे @ हे चिन्ह त्याने निवडले आणि ते कायमचे रूढ झाले.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. ही योजना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पिनकोड डावीकडून वाचतात. पहिला अंक ४ असेल, तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या विभागाचे असते. पुढचे अंक क्षेत्र अरुंद करत जातात आणि शेवटचे तीन अंक एका विशिष्ट टपाल कचेरीपर्यंत नेतात. ई-मेलचा पत्ता मात्र उजवीकडून वाचला जातो. आधी 'कॉम', मग 'एक्झाम्पल' आणि सर्वांत शेवटी 'विद्यार्थी'. म्हणून पत्त्यातले एक अक्षर जरी चुकले, तरी पत्र भलतीकडे जाते किंवा परत येते. टपालवाला जसा अंदाजाने घर शोधतो, तसे संगणक करत नाही.

दोन सर्व्हर कशासाठी?

खाते जोडताना फोन 'इनकमिंग सर्व्हर' आणि 'आउटगोइंग सर्व्हर' अशी दोन नावे विचारतो. पहिला आलेली पत्रे देणारा आणि दुसरा आपली पत्रे स्वीकारणारा. ही दोन कामे वेगळी का?

तुम्ही 'पाठवा' हे बटण दाबले की पत्र आधी तुमच्या आउटगोइंग सर्व्हरकडे जाते. पत्त्याच्या उजव्या भागाची पेटी कोणता संगणक सांभाळतो, हे तो डीएनएस नावाच्या जगभर पसरलेल्या नामसूचीला विचारतो. मग त्या संगणकाशी जोडणी करून पत्र त्याच्या स्वाधीन करतो. समोरचा संगणक बंद असेल, तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. हे काम काही दिवससुद्धा चालू शकते. फोनला इतका वेळ कोठून मिळणार? तो खिशात असतो, बोगद्यात जातो, त्याची बॅटरी संपते. म्हणून ही जबाबदारी सर्व्हरवर सोपवलेली असते. पत्रे पोचवण्याच्या या नियमावलीला एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी तिची मांडणी १९८२ साली प्रसिद्ध केली.

पॉप की आयमॅप?

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पेटीतली पत्रे पाहण्याच्या दोन रीती आहेत.

पॉप ही रीत १९८४ सालची. त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून जोडावा लागे आणि प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत. म्हणून चटकन जोडणी करावी, सर्व पत्रे उतरवून घ्यावीत आणि तार मोकळी करावी, असा तिचा बेत. पत्रे उतरवून घेतल्यावर ती सर्व्हरवरून काढून टाकण्याची पद्धतही तिच्यात रूढ होती.

आयमॅप ही रीत १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. तिच्यात मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि फोनमध्ये त्यांची प्रत दिसते. एखादे पत्र तुम्ही फोनवर वाचले, तर शाळेच्या संगणकावरही ते 'वाचलेले' म्हणून दिसते.

आता विचार करा. पॉप निवडून पत्रे सर्व्हरवरून काढली जात असतील आणि तो फोन विहिरीत पडला, तर प्रवेशाचे पत्रही विहिरीत गेले! आयमॅप असेल, तर दुसरा फोन घ्या, खाते जोडा, सारी पत्रे पुन्हा समोर. म्हणून फोनसाठी आयमॅपच निवडावे.

आयमॅपची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून तुम्ही पत्रे पुसू लागलात, तर ती सर्व्हरवरूनही पुसली जातील. जागाच हवी असेल, तर खाते फोनमधून काढून टाका. फोनमधून खाते काढणे म्हणजे फक्त प्रत काढणे. पेटी जागेवरच राहते. पण 'खाते कायमचे बंद करा' हा पर्याय वेगळा. त्याने पेटीच नाहीशी होते. या दोहोंत गल्लत करू नका.

पोर्ट आणि कुलूप

फोन एखादा क्रमांकही विचारतो: ९९३, ४६५, ५८७. हे काय आहेत? एकाच सर्व्हरवर अनेक कामे चालतात. मोठ्या कचेरीत जशा क्रमांक घातलेल्या खिडक्या असतात, तसे हे पोर्ट. आयमॅपसाठी ९९३, सुरक्षित पॉपसाठी ९९५ आणि पत्र पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७.

आयमॅपची १४३ क्रमांकाची जुनी खिडकीही आहे. तिच्यावर जोडणी उघडी सुरू होते. कुलूप लावल्याशिवाय काम तसेच पुढे चालू ठेवले, तर तुमचा परवलीचा शब्द वाटेत कोणालाही वाचता येईल अशा रूपात जाऊ शकतो. एसटी स्थानकावरच्या फुकट वाय-फायवर असे करणे म्हणजे पोस्टकार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून पाठवण्यासारखे आहे. म्हणून सुरक्षिततेच्या रकान्यात 'एसएसएल/टीएलएस' असा पर्याय निवडावा. 'काही नाही' हा कधीही निवडू नये. टीएलएसमध्ये फोन आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर सांकेतिक रूपात जातो. शिवाय सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि फोन ते तपासतो. 'प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही' अशी सूचना आली, तर घाईने 'चालेल' म्हणू नका. आधी फोनचे घड्याळ व तारीख बरोबर आहे ना, ते पाहा. प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकीची असेल तर चांगले प्रमाणपत्रही फोनला खोटे वाटते.

परवलीच्या शब्दाचा हिशेब

थोडे गणित करू. रोमन लिपीतली २६ लहान अक्षरे कशीही निवडून आठ अक्षरी शब्द केला, तर आठ वेळा २६ घेऊन त्यांचा गुणाकार करावा लागेल. उत्तर येते सुमारे २०,८८३ कोटी. संख्या प्रचंड वाटते ना? पण समजा, चोराच्या हाती सर्व्हरवरची सांकेतिक नोंद लागली आणि त्याचा संगणक सेकंदाला १०० कोटी शब्द ताडून पाहतो. मग सगळे शब्द साडेतीन मिनिटांत संपतील! तेच बारा अक्षरे घेतली, तर सुमारे तीन वर्षे लागतील. सोळा अक्षरे घेतली, तर १३ लाख वर्षांहून अधिक! लांबी दुप्पट केली म्हणून वेळ दुप्पट होत नाही. प्रत्येक नव्या अक्षरागणिक तो २६ पट होतो.

मात्र हा हिशेब अक्षरे कशीही निवडलेली असतील तरच लागू पडतो. गावाचे नाव आणि पुढे १२३ असा शब्द असेल, तर चोर तो पहिल्या झटक्यातच ताडून पाहील. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब परवलीचा शब्द करावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही खात्याला वापरू नये. याच्या जोडीला 'द्विस्तरीय पडताळणी' चालू करावी. मग परवलीचा शब्द चोरला तरी दुसऱ्या टप्प्यावर चोर अडतो. त्यासाठी फोनवर येणारा आकडा कोणालाही सांगू नये, विचारणारा स्वतःला साहेब म्हणवत असला तरी!

कृती

१. खात्याचा पूर्ण पत्ता, दोन्ही सर्व्हरची नावे आणि पोर्ट एका कागदावर लिहून घ्या. शाळेने दिलेला पत्ता असेल, तर ही माहिती संगणकाच्या शिक्षकांकडे मिळेल.

२. फोनच्या सेटिंग्जमध्ये किंवा ई-मेलच्या ॲपमध्ये 'ॲड अकाउंट' निवडा.

३. जीमेलसारख्या मोठ्या सेवांची माहिती फोनला आधीच ठाऊक असते. म्हणून तो सर्व्हरची नावे विचारत नाही. बहुधा सेवेचेच पान उघडते. परवलीचा शब्द तेथे दिला की सेवा तुमच्या ॲपला एक परवाना देते. हा परवाना पुढे वेगळा रद्द करता येतो.

४. इतर पत्त्यांसाठी 'अदर' निवडा, मग आयमॅप. कागदावरची माहिती भरताना अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

५. खाते परत मिळवण्यासाठी दूरध्वनी क्रमांक विचारतात. तेथे आईचा, वडिलांचा किंवा घरातला दीर्घकाळ चालू राहील असा क्रमांक द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा लवकरच बंद होणारा क्रमांक देऊ नका. पुष्कळांची खाती याच एका कारणाने कायमची हातची जातात.

६. आता स्वतःलाच एक पत्र पाठवा. ते गेले आणि परत आले, म्हणजे दोन्ही सर्व्हर ठीक आहेत. पत्रे येतात पण जात नाहीत, असे झाले तर दोष आउटगोइंग सर्व्हरच्या रकान्यांत शोधा. जातात पण येत नाहीत, तर इनकमिंगच्या. विजेच्या मंडलातला दोष आपण असाच एकेक भाग तपासून शोधतो.

आणि फोन हरवला तर? घाबरून जाऊ नका. पेटी सर्व्हरवर आहे, हे आठवा. दुसऱ्या संगणकावरून खाते उघडा, हरवलेल्या फोनचा परवाना रद्द करा आणि परवलीचा शब्द बदला. चोराच्या हाती फोन राहील, पण तुमच्या पेटीची किल्ली राहणार नाही.

करून पाहा

१. फोन एअरप्लेन मोडमध्ये ठेवून स्वतःला पत्र पाठवा. ते 'आउटबॉक्स'मध्ये थांबलेले दिसेल. मोड बंद करा आणि पत्र केव्हा सुटते ते पाहा.

२. शाळेच्या संगणकावर जीमेलमधले एखादे पत्र उघडून 'शो ओरिजिनल' निवडा. 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचा. पत्र कोणकोणत्या संगणकांतून आले आणि त्याला किती सेकंद लागले, ते वहीत उतरवा.

विचार करा

१. आयमॅप खात्यातले पत्र फोनवर पुसले. ते घरच्या संगणकावर दिसेल का? का?

२. परवलीच्या शब्दात २६ अक्षरांबरोबर १० अंकही घेतले, तर आठ अक्षरी शब्द किती होतील?

३. टीएलएसने वाटेतले पत्र सुरक्षित होते. पण सर्व्हरवर पोचल्यानंतर ते कोणाला वाचता येऊ शकेल?